नॅनोसायन्सचे एम. एस्सी.: यंत्रापाशी नेमके कोण बसते?

लघुकोन

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी. एस्सी. झालेले विद्यार्थी दर वर्षी प्रवेशाच्या सुमारास येथे विचारतात, की नॅनोसायन्सचा, म्हणजे नॅनोमीटरच्या (मीटरच्या अब्जांश भागाच्या) मापातील पदार्थांच्या विज्ञानाचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम घ्यावा की आपला मूळ विषयच पुढे चालू ठेवावा. त्यांना मिळणारी उत्तरे बहुधा 'या क्षेत्राला फार मोठे भवितव्य आहे' आणि 'यात नोकऱ्याच नाहीत' या दोन टोकांना जातात, आणि त्या दोन वर्षांत वर्गात व प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय घडते, हे सांगायचे राहूनच जाते. ते सांगता यावे म्हणून हा धागा काढला आहे. ज्यांनी हा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे किंवा जे सध्या करीत आहेत, त्यांनी तपशिलात लिहावे. विद्यापीठाचे किंवा व्यक्तीचे नाव घेऊन तक्रार करू नये, एवढीच विनंती.

माझ्यापुरते सांगतो. महाराष्ट्रातील एका विद्यापीठातून मी हा अभ्यासक्रम केला आणि आता कोटिंगच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम पाहतो. पहिल्या सत्रात पुंजयांत्रिकी, घन अवस्था भौतिकी, भौतिक रसायनशास्त्र आणि थोडे जीवशास्त्र असा सर्वांना एका पातळीवर आणण्याचा प्रयत्न असतो. दुसऱ्या सत्रात नॅनोकण तयार करण्याच्या व तपासण्याच्या पद्धती येतात, तिसऱ्यात ऐच्छिक विषय, आणि चौथे सत्र बहुतांशी प्रकल्पात जाते. कागदावर हा आराखडा सगळीकडे जवळपास सारखाच दिसतो. फरक पडतो तो यंत्रापाशी कोण बसते यात.

आपल्याकडे २००७ साली केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपयांची नॅनो मिशन ही योजना सुरू केली आणि त्या काळात देशभर अनेक विभाग निघाले, यंत्रे आली. यंत्र विकत घेणे एकदाचे असते. ते चालविणारा कायम तंत्रज्ञ, देखभालीचा वार्षिक करार, चिलर, यूपीएस आणि वातानुकूलन यांचा खर्च मात्र दर वर्षी उभा राहतो. ज्या विभागाला हा खर्च पेलता आला, तेथील विद्यार्थ्याने स्वतः नमुना बसवला, फोकस केला, चित्र बिघडताना पाहिले. जेथे पेलला नाही, तेथील विद्यार्थ्याला ईमेलने तयार चित्र आले आणि त्याने ते प्रबंधात चिकटवले. पदवीपत्रावर दोघांचेही शब्द तेच असतात.

आमच्याकडे एसटीएमचे, म्हणजे अतिसूक्ष्म टोकाने पृष्ठभागावरचे अणू टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचे, एक लहानसे, टेबलावर ठेवण्याजोगे यंत्र होते. त्याचे टोक विकत मिळत नसे, आपणच करावे लागे. प्लॅटिनम-इरिडियमची तार चिमट्यात धरायची, कातरीने तिरकी कापायची आणि कापता कापता ओढायची, म्हणजे शेवटी एखादा अणू पुढे राहतो. दहातली आठ टोके वाया जात. पण ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरचे ठिपके पडद्यावर ओळीने उमटले, त्यांच्यातील अंतर मोजले आणि ते ०.२५ नॅनोमीटरच्या आसपास आले, तेव्हा एसटीएमचे जनक बिनिग आणि रोरर यांना १९८६ चे नोबेल कशासाठी मिळाले ते व्याख्यानाशिवाय कळले.

रसायनी

मी रसायनशास्त्राकडून आले, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा आहे. पहिल्या सत्रात आमचे सरळसरळ दोन गट पडले होते. भौतिकशास्त्राच्या मुलांना श्रोडिंगरचे समीकरण येत असे, पण पिपेट हातात दिले की त्यांची त्रेधा उडत असे. आम्हाला द्रावणे अचूक करता येत, पण पेटीत अडकलेल्या कणाची ऊर्जा पेटी लहान झाल्यावर का वाढते हे आम्ही पाठ करीत होतो. शिक्षकांनी जाणीवपूर्वक मिश्र जोड्या लावल्या आणि माझ्या मते त्या विभागाने घेतलेला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

प्रयोगांपैकी सर्वाधिक शिकवून गेला तो सोन्याच्या कलिलाचा, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांचा, प्रयोग. क्लोरोऑरिक आम्लाचे फिकट पिवळे, अत्यंत विरल द्रावण उकळायचे आणि ढवळत असतानाच त्यात सोडियम सायट्रेट एकदम ओतायचे. पिवळा रंग जातो, द्रावण क्षणभर पाण्यासारखे होते, मग करडी-निळी झाक येते, जांभळे होते आणि काही मिनिटांत कोकमाच्या आगळासारखा लाल रंग स्थिरावतो. रसायनशास्त्रज्ञ टर्केविच यांनी १९५१ साली अभ्यासलेली हीच पद्धत आजही सर्वत्र शिकवली जाते. यूव्ही-व्हिजवर, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषते ते दाखवणाऱ्या यंत्रावर, ५२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर मिळाले, म्हणजे साधारण १५ ते २० नॅनोमीटरचे कण झाले असे आम्ही समजत असू.

हे सगळे पुस्तकात आहे. पुस्तकात ठळकपणे नसते ते असे, की काचेचे भांडे आधी आम्लराजाने, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाच्या मिश्रणाने, धुतले नाही तर आधीच्या तुकडीच्या सोन्याचे अदृश्य कण काचेला चिकटलेले असतात, नवे कण त्यांच्यावरच वाढू लागतात आणि आकारांची सरमिसळ होते. आमच्या तुकडीत एकाच कृतीने एका गटाला लाल आणि दुसऱ्याला मळकट जांभळे द्रावण मिळाले, आणि कारण शोधता शोधता पूर्ण दुपार भांडी धुण्याच्या पद्धतीवर चर्चा झाली. त्यानंतर शिक्षकांनी चांगल्या लाल द्रावणात मिठाच्या पाण्याचे काही थेंब टाकले आणि ते डोळ्यांदेखत निळे झाले. कणांवरच्या सायट्रेटमुळे जे ऋणभार एकमेकांना दूर ठेवत होते, ते मिठातील आयनांनी झाकले गेले आणि कण एकत्र आले. स्थिरता या विषयावरची तीन व्याख्याने त्या थेंबांत होती. या प्रयोगाला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही, हेही लक्षात घ्यावे.

शून्य_अंश

लघुकोन यांनी मांडलेल्या मुद्द्याला पुष्टी देणारा, पण थोडा कडवट अनुभव. आमच्या विभागात एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारे यंत्र, होते आणि ते बहुतेक काळ बंद असे. आमचे नमुने शेजारच्या जिल्ह्यातील एका सुविधेकडे पाठवले जात आणि निकाल यायला कधी कधी महिना लागे. चौथे सत्र हाती असताना महिना जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी प्रकल्प केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. नमुना तयार करण्यात चूक आहे हे निकाल आल्यावर कळते, तोवर पुढचे नमुनेही त्याच पद्धतीने करून झालेले असतात.

आकडे हाती आल्यावर त्यांचे काय करावे, हेही नीट शिकवले गेले नाही. झिंक ऑक्साइडचे उदाहरण घेऊ. तांब्याच्या क्ष-किरणांनी, म्हणजे ०.१५४ नॅनोमीटर तरंगलांबीने, त्याचे सर्वांत उंच शिखर ३६.२५ अंशांच्या आसपास येते. त्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४ अंश असेल, तर रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने स्फटिकाचा आकार साधारण २१ नॅनोमीटर येतो. परंतु रुंदी अंशांतून रेडियनमध्ये बदलायची राहिली, तर उत्तर ०.३६ नॅनोमीटर येते. झिंक ऑक्साइडच्या एकक पेशीची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकाची, उंचीच ०.५२ नॅनोमीटर असते. म्हणजे स्फटिक स्वतःच्या एकक पेशीहून लहान ठरतो! असे उत्तर मी एका पोस्टरवर छापलेले पाहिले आहे आणि त्या पोस्टरसमोरून परीक्षक पुढे गेलेलेही पाहिले आहेत. यंत्रामुळे येणारी रुंदी वजा करणे, ताणामुळे येणारी रुंदी वेगळी काढणे या गोष्टी तर फार दूर राहिल्या.

अर्धविराम

मी सध्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत पीएच. डी. करीत आहे आणि मला येथे थोडा मतभेद नोंदवायचा आहे. यंत्रापाशी बसणे म्हणजे शिक्षण, असे समीकरण मांडले जात असेल तर ते मला मान्य नाही. २०० किलोव्होल्टचा टेम, म्हणजे नमुन्याच्या आरपार इलेक्ट्रॉन पाठवणारा सूक्ष्मदर्शक, एम. एस्सी.च्या विद्यार्थ्याच्या हाती देणे कोणत्याही शहाण्या विभागाला परवडणारे नाही, आणि जगातील चांगल्या ठिकाणीही तो सहसा दिला जात नाही. माझ्या प्रयोगशाळेत येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांत मला उणीव दिसते ती बटणे माहीत नसण्याची नव्हे. बटणे एका आठवड्यात शिकता येतात. शून्य_अंश यांनी दिलेल्या उदाहरणात यंत्र कोणी चालवले याचा संबंधच नाही. उत्तर शक्य आहे की नाही हे तपासून पाहण्याची सवय नव्हती, इतकेच.

सेमचेच, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी पृष्ठभाग पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचेच, घ्या. वीज न वाहणाऱ्या पावडरीवर भार साठतो आणि चित्र पांढरे फटक पडते, म्हणून तिच्यावर सोन्याचा पातळ थर देतात. पुढे त्याच नमुन्याच्या मूलद्रव्य-विश्लेषणात सोन्याचे शिखर दिसते आणि विद्यार्थी त्याचे स्पष्टीकरण आपल्या अभिक्रियेत शोधू लागतो. हे कळण्यासाठी यंत्र चालविण्याची गरज नाही, नमुन्याचे काय काय झाले याची नोंद ठेवण्याची गरज आहे.

लघुकोन

@अर्धविराम, आपला मुद्दा रास्त आहे. टेमबाबत तर पूर्ण सहमत. तरीही सोन्याच्या थराचे आपलेच उदाहरण माझ्या बाजूने बोलते असे मला वाटते. ज्या विद्यार्थ्याने आपला नमुना स्वतः स्पटर कोटरमध्ये, म्हणजे तो थर देणाऱ्या यंत्रात, ठेवला, थर चढताना पाहिला, त्याला ते शिखर बुचकळ्यात टाकणार नाही. ज्याने डबीत पावडर भरून कुरिअर केली, त्याला कोटिंग झाले हेच माहीत नसते, कारण अहवालात ते लिहिलेले नसते. बटणे दाबण्याचा आग्रह नाही. ऑपरेटरच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला मिळाले आणि 'हा भाग का निवडला, तो का नाही' असे विचारता आले, तरी पुष्कळ झाले. पडद्यावर दिसणाऱ्या शेकडो जागांपैकी प्रबंधात एकच जाते आणि तीच सर्वांत देखणी असते. बाकीच्या जागा कशा होत्या हे शेजारी बसणाऱ्यालाच कळते.

साताऱ्याहून

चर्चा उत्तम चालली आहे, पण ज्याला प्राध्यापक व्हायचे आहे त्याने एक गोष्ट प्रवेशाआधीच पाहून ठेवावी. प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी असलेल्या सीएसआयआरच्या नेट परीक्षेत भौतिक, रासायनिक, जीव, गणिती आणि भू-वातावरणीय असे पाचच विषयगट आहेत. नॅनोसायन्स हा स्वतंत्र विषय त्यात नाही. त्यामुळे परीक्षा भौतिक किंवा रासायनिक विज्ञानातून द्यावी लागते आणि ज्या घटकांना आपल्या अभ्यासक्रमात वरवरचा स्पर्श झालेला असतो, ते स्वतंत्रपणे करावे लागतात. नेट उत्तीर्ण झाल्यानंतरही महाविद्यालयाच्या जाहिरातीत 'संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी' असे शब्द असतात आणि आपली पदवी संबंधित आहे की नाही, हे छाननी समितीच्या वाचनावर अवलंबून राहते. माझ्या परिचयातील एका व्यक्तीला एका ठिकाणी मुलाखतीला बोलावले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच कागदपत्रांवर अपात्र ठरवले गेले.

लूव्हेनकर

बेल्जियममधील लूव्हेन येथे मी याच विषयातले पदव्युत्तर शिक्षण घेतले, तेव्हा तिकडची बाजू थोडक्यात मांडते. लूव्हेनच्या विद्यापीठाचे वैशिष्ट्य असे की १९८४ साली स्थापन झालेली आयमेक ही चिप-तंत्रज्ञानाची संशोधन संस्था त्याच गावात आहे. त्यामुळे अभ्यासक्रमाचा कल नैसर्गिकपणेच इलेक्ट्रॉनिक्सकडे झुकतो. चाल्मर्स, ड्रेस्डेन, ग्रेनोबल, बार्सिलोना या विद्यापीठांशी जोडलेला इरॅस्मस मुंडुसचा, म्हणजे युरोपीय संघाच्या संयुक्त पदव्युत्तर योजनेचा, पर्यायही तेथे चालवला गेला आहे आणि त्यात पहिले व दुसरे वर्ष वेगवेगळ्या देशांत काढता येते.

भारतातून येणाऱ्यांना सुरुवातीला जड जाते ते गणित किंवा भौतिकी नव्हे, तर क्लीनरूमची, म्हणजे धूळविरहित प्रयोगशाळेची, शिस्त. डोक्यापासून पायापर्यंत पोशाख, पेन्सिल व साधा कागद आत नेण्यास मनाई, फोटोरेझिस्ट या प्रकाशसंवेदी लेपाला निळा आणि अतिनील प्रकाश चालत नसल्याने लिथोग्राफीच्या (प्रकाशाने आकृती उमटवण्याच्या) खोलीत सतत पिवळा उजेड. हायड्रोफ्लोरिक आम्लाजवळ जाण्याआधी त्याच्या भाजण्यावर लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम कोठे ठेवले आहे ते हात लावून दाखवावे लागे. प्रबंधाचे काम मात्र मी एका लहान प्रयोगशाळेत केले, आणि तेथे लघुकोन म्हणतात तसे शेजारी बसूनच शिकले. ज्यांना परदेशी जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते: आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथे इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युझर्स प्रोग्राम चालतो. बाहेरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना त्यातून कार्यशाळा व फॅब्रिकेशनची (उपकरणे घडवण्याची) सोय मिळू शकते. मी पदवीला असताना हे मला कोणी सांगितले नव्हते.

नत्रस्थिर

एका गोष्टीबद्दल कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो: प्रकल्पांचे विषय. आमच्या तुकडीतील निम्म्याहून अधिक प्रकल्प झाडपाल्याचे होते. तुळस, कडुनिंब, शेवगा, पेरूची पाने, कशाचाही अर्क काढायचा, सिल्व्हर नायट्रेटमध्ये घालायचा, द्रावण तपकिरी झाले की चांदीचे कण झाले म्हणायचे, ४२० नॅनोमीटरच्या आसपासचे शिखर दाखवायचे आणि एका-दोन जिवाणूंवर तपासणी करून प्रकल्प संपवायचा. पद्धत स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकासाठी उत्तमच आहे. परंतु पानातील नेमक्या कोणत्या घटकाने चांदीचे क्षपण केले, पान उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले असेल तर काय फरक पडतो, मारक परिणाम कणांचा की सुट्या झालेल्या चांदीच्या आयनांचा, यांपैकी एकही प्रश्न न विचारता झाडाचे नाव तेवढे बदलत राहिले, तर त्याला संशोधन म्हणणे मला जड जाते.

याउलट, एका सेमिनारमध्ये झालेली चर्चा मला दोन वर्षांतील सर्वांत जिवंत वाटली. आमच्यातले बरेच जण शेतकरी कुटुंबातले, आणि २०२१ मध्ये इफ्कोने नॅनो युरिया हे फवारायचे द्रव खत बाजारात आणल्यापासून घरचे आम्हाला त्याविषयी विचारत असत. ५०० मिलीची एक बाटली युरियाच्या एका गोणीच्या जागी पुरते, असे सांगितले जात होते. शिक्षकांनी फळ्यावर फक्त गुणाकार करायला लावला. ४ टक्के नत्र असलेल्या ५०० मिलीत २० ग्रॅम नत्र, आणि ४६ टक्के नत्र असलेल्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. साधारण हजारपट फरक. जमिनीत टाकलेल्या युरियातील निम्म्याहून अधिक नत्र वाया जाते असे गृहीत धरले, तरी दरी भरून निघत नाही. मग फवारणीतून पानाने घेतलेले नत्र अधिक कार्यक्षम असते का, पर्णरंध्राचा आकार आणि कणाचा आकार यांचा संबंध काय, शेतातील चाचणीत तुलनेसाठी साधी युरियाची फवारणी घेतलेला वाफा होता का, असे एकेक प्रश्न निघत गेले. या उत्पादनावर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे आक्षेपही घेतले आहेत आणि उत्पादकांनी त्यांना उत्तरेही दिली आहेत. ती दोन्ही आम्ही वाचली. त्या दुपारी प्रयोगशाळेत कोणी गेले नाही. अर्धविराम म्हणतात ती तपासून पाहण्याची सवय मला तेथे लागली.

पालक_नाशिक

माझ्या मुलीला या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळण्याची शक्यता आहे. आपणा सर्वांचे लिखाण वाचून विषय समजला, पण पालक म्हणून सरळ विचारतो: दोन वर्षांनंतर नोकरी कोठे? हल्ली सेमीकंडक्टर कारखान्यांच्या बातम्या येतात, त्यांचा काही उपयोग आहे का?

लघुकोन

'नॅनो' असे नाव लिहिलेली पदे फारच थोडी असतात, हे आधी मान्य करावे. माझे वर्गमित्र रंग व कोटिंग, औषधनिर्मिती, बॅटरीचे पदार्थ, विश्लेषण प्रयोगशाळा आणि यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांची तांत्रिक सेवा अशा ठिकाणी आहेत. मुलाखतीत त्यांना 'नॅनोतंत्रज्ञानाचे उपयोग सांगा' असे कोणी विचारले नाही. कणांचे आकारमान मोजताना डीएलएसचा (द्रवातील कणांवरून विखुरलेल्या प्रकाशाने आकार मोजण्याच्या पद्धतीचा) आकडा टेमच्या आकड्यापेक्षा मोठा का येतो, असे विचारले. ज्यांना द्रवातील कणाभोवतीचा थरही त्या मोजणीत धरला जातो हे सांगता आले, त्यांचे पुढे सुरळीत झाले.

सेमीकंडक्टरविषयी सांगायचे तर धोलेरा येथील टाटा इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकल्पाला २०२४ च्या फेब्रुवारीत मंजुरी मिळाली आहे आणि त्यातील गुंतवणूक ९१,००० कोटी रुपयांची सांगितली जाते. परंतु अशा कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक्स, रसायन आणि मटेरियल्स अभियांत्रिकीच्या पदवीधरांशी स्पर्धा असेल. तेथे जायचे असेल तर तिने तिसऱ्या सत्रात थिन फिल्म, निर्वात तंत्रज्ञान आणि उपकरणनिर्मिती हे ऐच्छिक विषय घ्यावेत. नॅनोबायोटेक्नॉलॉजी घेऊन ती वाट धरणे अवघड जाईल.

पालक_नाशिक

आभारी आहे. आम्ही पुढच्या आठवड्यात विभाग पाहायला जाणार आहोत. तेथे काय विचारावे?

शून्य_अंश

यंत्रांची यादी विचारू नका, ती संकेतस्थळावर असतेच. यंत्राच्या खोलीत जा आणि लॉगबुक पाहायला मागा. गेल्या दोन-तीन महिन्यांत किती नोंदी आहेत आणि त्यांत एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यांची नावे आहेत की फक्त पीएच. डी.च्या, हे पाहा. शेवटची नोंद गेल्या वर्षीची असेल, तर पुढे विचारण्यासारखे फारसे उरत नाही. यंत्र बंद असेल तर नमुने कोठे पाठवतात आणि त्याचे शुल्क विभाग भरतो की विद्यार्थी, तेही विचारा. आम्हाला ते स्वतः भरावे लागले होते.

रसायनी

त्यात एक भर. फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा बाहेर खेचणारे कपाट, चालू आहे का तेही पाहा. वाळलेली नॅनोपावडर श्वासावाटे आत जाते आणि ती उघड्या टेबलावर खलबत्त्यात कुटली जात असेल, तर त्या विभागात सुरक्षिततेचा विचार किती होतो ते लगेच कळते. आमच्याकडे हूडचा उपयोग दोन वर्षे रिकाम्या बाटल्या ठेवण्यासाठी होत होता.

अर्धविराम

आणि शक्य झाल्यास चौथ्या सत्रातील एखाद्या विद्यार्थिनीशी मुलीला एकटीला बोलू द्या, शिक्षकांसमोर नव्हे. 'तुझ्या प्रबंधातील सर्वांत वाईट निकाल दाखव' असे तिला म्हणावे. तो दाखवता आला आणि का बिघडला हे सांगता आले, तर यंत्र चालू असो वा बंद, मी माझ्या बहिणीला तेथे प्रवेश घ्यायला सांगेन.

लघुकोन

@अर्धविराम, येथे मात्र वाद नाही. पालक_नाशिक, भेट झाल्यावर काय आढळले ते विभागाचे नाव न घेता याच धाग्यावर लिहावे. पुढच्या वर्षी विचारणाऱ्यांना थेट येथे पाठवता येईल.